माझी सावत्र आई रुई

"काकू, तुमच्या जागी रुई हाय," अण्णा म्हणाले, आणि अख्खी भावकी हसली.

मीही हसलो. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढं मी उगाच शूर वाटेन.

रेणापूरजवळच्या आमच्या गावी कुळाचा मेळा होता. लातूर नवा जिल्हा झालेला, आणि पाऊस सलग दुसऱ्या साली बेपत्ता. जाणत्यांनी ठरवलं, वाडवडिलांचा विसर पडला म्हणून हे झालं. सगळ्यांना बोलवा, पूर्वजांची नावं मोठ्यानं वाचा. टँकरच्या दोन-दोन तांब्यांत आंघोळी उरकून आम्ही साठ-सत्तर माणसं पारावर पूर्वजांना भेटायला बसलो. अण्णा, माझे थोरले चुलतभाऊ, नव्या कलेक्टर कचेरीत कारकून लागले होते. कचेरी नवी, खुर्ची नवी, आवाज तर कोरा करकरीत.

वंशावळ मी लिहिली होती. मी धर्माबादला मास्तर. अक्षर बरं, पाठकणा बेताचा. पांढऱ्या कापडावर काळ्या शाईनं सात पिढ्या. पुरुषाचं नाव, शेजारी लग्नाच्या बायकोचं.

आता रुईचं. आई जळकोटकडची, पहिला नवरा वारलेला. बापानं तिच्याशी मोहतूर लावला, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न, बिनवाजंत्रीचं. पण बाप कुंवारा. कुंवाऱ्यानं थेट विधवा बायको करायची नाही, अशी रीत. म्हणून आधी त्याचं रुईच्या झाडाशी लग्न लावलं. हळद, अक्षता, सगळं. मग झाड उपटून फेकलं. नवरा बिजवर झाला, विधवेला मोकळा. या न्यायानं माझी सावत्र आई एक झुडूप.

आदल्या दिवशी लिहिताना अण्णा म्हणाले होते, "काकाचं खरं लगीन रुईसंगं. मोहतुराची बायको कुळात येत न्हाई. रुई लिव."

लिहिलं. सुबक लिहिलं. काहीच वाटलं नाही.

आईला वाचता येत नव्हतं. मेळ्यात कापड उलगडल्यावर माझ्या बापाचं नाव कुठलं ते तिनं विचारून घेतलं आणि शेजारी बोट ठेवलं.

"मास्तर, हे माझं का रं?"

मी कापडाचं टोक सारखं करू लागलो. तेव्हा अण्णा बोलले, ते वर आलंच.

आई हसली नाही. रडली नाही. बोट पदराला पुसलं. शाई तर कधीच वाळली होती.

"बारा वर्सं अंथरुणावरच्या सासूचं हगणं-मुतणं म्या काढलं," ती म्हणाली. "रुईनं न्हाई."

"गप बस गं मोहतुरे, चारचौघांत," थोरली चुलती म्हणाली.

मग मला वाचायला उभं केलं. प्रत्येक नावाला देवाच्या टाकावर एक फूल. वाचत गेलो. एका पूर्वजानं शेजाऱ्याचा बैल चोरला होता. एकानं बायको विहिरीत लोटली होती. सगळे खऱ्या लग्नाचे. सगळ्यांना फूल मिळालं.

बापाचं नाव आलं. "आणि त्यांची बायको," मी म्हणालो. मी आईकडं पाहिलं. "सोनाबाई."

"लिवलंय ते वाच," अण्णा.

"लिहिलंय ते मीच लिहिलंय. खोटं लिहिलंय."

"मास्तर, गावाला पाऊस लागतो का न्हाई?"

"नाही लागला तर नाही लागला."

"मग तुझं बी नाव ह्यात ऱ्हायचं न्हाई."

खिशातला पेन काढला. आधी रुई खोडली. मग माझं नाव. खोडणंही सरळ आलं, सवयच तशी. आईला उठवलं. जेवणं व्हायची होती. आम्ही न जेवता एसटीच्या फाट्यापर्यंत चालत आलो.

त्या साली पाऊस आला नाही. भावकीनं तो दुष्काळ माझ्या नावावर घातला.

आता आई नाही. माझ्या पोरीची सोयरीक चालू आहे. अण्णांचा निरोप येतो, आजीचं काढू नका, जमत आलेलं मोडेल. पाहुणे बसले की चहाच्या आधी मी सांगतो, पोरीची आजी मोहतुराची. दोन स्थळं उठून गेली. रविवारी तिसरं येतंय. या वेळी पोरगी स्वतः सांगणार आहे. मी शेजारी बसणार. ज्याला उठायचं त्यानं उठावं. आमच्या घरात हे आता कोणी पोटात ठेवणार नाही.