दोन सारख्या दाढा

माझ्या धाकट्या भावाची अक्कलदाढ दुखत नव्हती, किडली नव्हती, सुजलीही नव्हती. तरी बोईसरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काढून टाकू." मी खुर्चीशेजारी थक्क होऊन उभी राहिले.

कारण थोड्या वेळापूर्वीच त्यांनी माझाही एक्स-रे पाहिला होता. माझीही खालची दाढ तशीच, अर्धी हिरडीत, पुढच्या दाढेकडे कललेली. मला त्या म्हणाल्या होत्या, "फटीत अन्न अडकून पुढे हिरडी सुजू शकते, शेजारची दाढ किडू शकते. पण आज काही नाही. नीट घासत राहा, वर्षातून एकदा दाखवा." आणि भावाला थेट पक्कड! माझं डोकंच फिरलं. "मला एक न्याय आणि ह्याला दुसरा? किनाऱ्यावरचा साधा मच्छीमार दिसला म्हणून काहीही सांगाल?"

बाई चिडल्या नाहीत. त्यांनी भावालाच विचारलं, "बोटीवर गेलात की किती दिवसांनी परतता?"

"आठ-धा दिस. मासली नाय गावली तर जास्तच."

"ताई इथे जवळच सरावलीला राहतात. दाढ ठणकली तर रिक्षा करून इथे येतील. तुम्ही कसे याल? आता पावसाळ्यामुळे मासेमारी बंद आहे, जखम भरायला वेळ आहे." खाली नस जवळ आहे, ओठ काही दिवस बधिर राहू शकतो, हेही त्यांनी लपवलं नाही. ते ऐकून तर मी भावाला उठवायला त्याचा दंडच धरला.

तो हलला नाही. "ताय, गेल्या सालचं तुला सांगितलंच नाय."

त्यांच्या बोटीवरच्या एका खलाशाची अशीच दाढ सुजली होती. आधी तोंड उघडेना, मग गळा सुजला, पाणीही उतरेना. एकट्यापायी बोट मागे फिरवायला लावायची नाही, ही आमच्याकडची रीत. तो बिचारा बोललाच नाही. बोट चालवणाऱ्या तांडेलाच्या लक्षात आलं तेव्हा किनारा दीड दिवस लांब होता.

"वाचला ना रे?"

"वाचला. पण आख्खी वाट त्याचं डोकं माझ्या मांडीवर. श्वास चालू हाय का नाय, तेच बगत बसलो."

एवढं मनात ठेवून हा वर्षभर माझ्याकडे येऊन, जेवून, हसून जात होता. मी त्याचा दंड सोडला. त्याने बाईंकडे बघितलं आणि तोंड उघडलं.