नकाशात नसलेला ओटा

हिरामावशी कुणाला "या" म्हणत नसे. ओट्यावर आपल्या शेजारच्या लादीवर तळहाताने थाप मारायची, बस. ती थाप ऐकू आली की माणूस बसायचाच. मीटर बघायला आलेला माणूस बसायचा, भाजीवाली टोपली उतरवून बसायची. मी खरवईत भाड्याने राहायला आले तेव्हा सामान अजून टेम्पोतच होतं, आणि मी मात्र हिच्या ओट्यावर बसून माझ्या माहेरची सगळी माहिती देत होते. नवऱ्याने भांडी एकट्याने उतरवली. तो राग त्याने बरीच वर्षं जपला.

मावशी मूळची तिथलीच. शेती होती ती विकून संपलेली, नवरा गेलेला, मुलगा अंबरनाथच्या कारखान्यात कामाला. घर मातीचं, कौलारू, एका अंगाला कललेलं. पण पुढचा ओटा कसा लांबरुंद, वर लहान लहान चौकोनी लाद्या बसवलेल्या. मी एकदा म्हटलं, "मावशी, घरापेक्षा ओटाच मोठा की हो."

"मंग! घरात आमी तीन मानसा, ओट्यावर गाव," ती म्हणाली. "आनि परक्या मानसाला घरात घेतला तर चा करावा लागतो गो. ओट्यावर नुस्ता पानी चालतो."

मग घरकुल आलं. नगरपालिकेत यादीत मावशीचं नाव लागलं. सरकारचं अनुदान, पण ते एकदम हातात येत नाही, बरं का. जोतं झालं की एक हप्ता, भिंती उठल्या की दुसरा, स्लॅब पडला की तिसरा, आणि घर पुरं झालं की शेवटचा. प्रत्येक वेळी पालिकेचा इंजिनियर येणार, घरधनिणीला बांधकामापुढे उभी करणार, मोबाइलवर फोटो काढणार आणि तिथूनच पाठवणार. फोटो नाही तर हप्ता नाही.

पहिल्या फोटोला मावशी नऊवारी नेसून, नथ घालून, अंबाडा घालून हजर. मागे काय, तर गुडघाभर जोतं आणि वाळूचा ढीग. इंजिनियर तरुण होता, मान खाली घालून हसला. "आजी, एवढं नटायची गरज नव्हती."

"बाला, फोटू दिल्लीला जातो ना? मंग सरकारला समजू दे, घर कोनाला दिला ता."

जोतं, भिंती, स्लॅब सगळं सुरळीत झालं. जुनं घर पाडलेलं, त्यामुळे त्या काळात घरचे सगळे शेजारच्या पत्र्याच्या खोपटात राहत होते. दुपारी आत पापड भाजावा इतकं तापायचं. सून सुनंदा पोटुशी होती. बिचारी ओला टॉवेल डोक्यावर टाकून बसायची आणि दिवसाआड विचारायची, "आत्या, दरवाजे कधी लागतील?" दरवाजे-खिडक्या अडल्या होत्या शेवटच्या हप्त्यावर. आणि नेमकं तिथंच मावशीने घोळ घातला. गवंड्याला पटवून, जुन्याच दगडांचा आणि जुन्याच लाद्यांचा, नव्या घरापुढे अगदी पहिल्यासारखा ओटा रचून घेतला.

इंजिनियर आला आणि मोबाइल खिशातच ठेवला. "आजी, हा ओटा नकाशात नाही."

"नकाशात तर मी पन नाय. मना काढशील?"

"आजी, मंजूर जागेच्या बाहेर येतोय हो, रस्त्यातसुद्धा जातोय. असा फोटो पाठवला तर हप्ता अडकेल. ओटा काढा, मी लगेच येतो."

त्या दिवशी मावशी जेवली नाही. सुनंदा शेवटी रडतच म्हणाली, "आत्या, ओटा पाहिजे की दरवाजा, ते एकदा सांगा. मी बाळाला काय पत्र्याखाली आणू?" मावशी ओट्यावर जाऊन एकटीच बसून राहिली. मी पलीकडून बघत होते. शेजारची लादी रिकामी, आणि हिचा हात मांडीवर.

सकाळी तिने आम्हा सगळ्या बायकांना हाका मारल्या. चेहरा असा की जणू लग्नाची कामं वाटतेय. "जी जिथं बसते तिनं तिची लादी उचलाची न् घरी न्याची. भांडाचा नाय."

भांडण झालंच. कडेची सावलीतली लादी दोघी आपलीच म्हणत होत्या. माझी लादी मात्र कुणाला नको होती. तिच्यावर मी एकदा नारळ फोडला होता, तेव्हा तिचा कोपरा उडाला होता. खालचे दगड सांडपाण्याच्या शोषखड्ड्यात गेले. दुपारपर्यंत ओटा नाहीसा झाला.

इंजिनियर आला. मावशी नथ घालून उभी.

"हसा की आजी."

"ओटा मोरून हसू?"

फोटो निघाला, पण नेटवर्क मिळेना. इंजिनियर उन्हात मोबाइल वर धरून इकडे तिकडे फिरला, मग बसायला जागा शोधू लागला. मावशी शांतपणे म्हणाली, "उभा ऱ्हा बाला. नकाशात बसाची जागा नाय."

पोराचा चेहरा इतका पडला की तिलाच राहवेना. मला म्हणाली, "जा गो, तुझी फुटकी घेऊन ये." मी आणली, भिंतीच्या सावलीत टाकली. मावशीने तिच्यावर थाप मारली. साहेब बसले, पाणी प्याले, आणि फोटो गेला.

हप्ता आला, दरवाजे लागले, सुनंदाची मुलगी नव्या घरात आली. आणि संध्याकाळी आम्ही आपापली लादी घेऊन भिंतीलगत मांडू लागलो. उठताना उभी करून ठेवायची. पुढे तोच इंजिनियर दुसऱ्या घराच्या कामाला आला, तर मावशीने आधीच सांगून टाकलं, "ह्यो ओटा नाय हां साहेब. लाद्या वालत घातल्यान." तो हसत हसत कडेच्या लादीवर बसला.

माझ्या मुलाने अंबरनाथ पूर्वेला फ्लॅट घेतला तेव्हा मावशीने विचारलं, "तिकरं ओटा हाय कं?" मी नाही म्हटलं. तिने माझी लादी स्वतः टेम्पोत ठेवली.

मावशी गेली त्या दिवशी मी खरवईला गेले. सगळ्या लाद्या मांडलेल्या होत्या, बायका बसल्या होत्या. मधली मावशीची मोकळी ठेवली होती. तिच्या शेजारी बसायला कुणाला धीर होईना. शेवटी सुनंदाच्या छोकरीनेच त्या लादीवर थाप मारली आणि मला म्हणाली, "बस ना."

माझी लादी इथे माझ्या दाराबाहेर असते. परवा सोसायटीचे सेक्रेटरी आले, तावातावाने. "काकू, हा कॉमन पॅसेज आहे. इथे दगड ठेवायचा नियम नाही."

मी उंबऱ्यात बसले होते. लादीवर थाप मारली.

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, लिफ्टकडे पाहिलं, आणि बसले. त्यांचं माहेर, म्हणजे बायकोचं हो, वांगणीचं निघालं. चहा काही मी केला नाही. पाणी दिलं.