नवऱ्याच्या मापाचा ब्लाऊज

मी बायकांचे ब्लाऊज शिवते. कर्जतच्या बाजारपेठेत एका गाळ्यात माझं मशीन आहे. लग्नसराईत मला मान वर करायला फुरसत नसते, आणि नेमका तेव्हाच नवऱ्याचा फोन आला. नवरा फौजेत आहे. गोऱ्या साहेबांनी कधीकाळी सरहद्दीवर बांधलेल्या एका दगडी छावणीत तेव्हा त्याची पलटण होती. थंडीत बर्फाने रस्ते बंद झाले की तिथे करमणुकीला दुसरं काही नाही, म्हणून जवान दरवर्षी नाटक बसवतात. लाकडी स्टेज म्हणे गोऱ्यांच्याच वेळचं.

"एक ब्लाऊज शिवून पाठीव," तो म्हणाला.

"कुणासाठी?" माझा आवाज आपोआप चढला.

"माझ्यासाठी."

छावणीत बाईमाणूस नाही, त्यामुळे नाटकातली बायको कुणा जवानालाच व्हावं लागतं. यंदा पाळी माझ्या नवऱ्यावर आली होती. नाटक त्यांच्या नायब सुभेदारांनी रचलं होतं, ते आपल्याच भागातले, जवळच्या काष्टी गावचे. एक जवान सुटीवर येतो आणि परत जातो, एवढीच गोष्ट.

मी पोट धरून हसले आणि माप विचारलं. विचारताना मात्र जरा खटकलं. निम्म्या कर्जतच्या बायकांची मापं मला तोंडपाठ, आणि स्वतःच्या नवऱ्याचं ठाऊक नाही. त्याला माझं काही ठाऊक असेल, असंही मला वाटत नव्हतं. मागच्या सुटीत आमचं कशावरून तरी वाजलं होतं. रागाच्या भरात मी त्याला म्हणाले होते, "सुटीवर येणाऱ्या पाहुण्याला घरातल्या बाईचं काय कळणार?" दुसऱ्या दिवशी तो पलटणीत निघून गेला. आता हाच माणूस सगळ्या पलटणीपुढे बायको म्हणून उभा राहणार होता. बायको म्हणून हा नक्कल करणार कुणाची? माझी करायची तर आधी मी त्याला माहीत तरी हवी. मनाला तेच लागून राहिलं.

सासूबाईंनी कुरकुरत पेटीतली हिरवी नऊवारी काढून दिली. मी ब्लाऊज शिवला आणि रस्ते बंद व्हायच्या आत दोन्ही पार्सलने पाठवलं. काही दिवसांनी व्हिडिओ कॉलवर बघते तर ब्लाऊज त्याच्या अंगावर गोणपाटासारखा लोंबत होता.

"माप कसं घेतलंत?"

"भरतीला घेत्यात तसं. छाती फुगवून."

"अहो, नाटकभर श्वास कोंडून धरणार आहात का?"

मागून बराकभर हसू उसळलं. शेवटी फौजी लोकरी मोजे कोंबून ती उणीव भरून निघाली. नऊवारी नेसवायचं काम सासूबाईंनी अंगावर घेतलं. मी अंगणात मोबाईल धरला आणि त्या समोर उभ्या राहून एकेक वेढा दाखवू लागल्या. तिकडे नवऱ्याच्या मागे चार-पाच जवान नेसायच्या सरावाला चादरी घेऊन ओळीत उभे, आणि नायब सुभेदार हुकूम सोडत होते. निऱ्या अशा कडक पडल्या की मीही चाट पडले. पण चालायला लागला तर हात थेट खांद्यापर्यंत वर.

"आरं, परेडीला न्हाई चाललास," सासूबाई करवादल्या. "कमरंवर हंडा हाय म्हनून चाल."

त्याने पाण्याचा जेरीकॅन कमरेवर घेतला. मग कुठे चालीत बाई दिसू लागली.

नाटक झालं. नाटकाच्या हॉलमध्ये मोबाईल न्यायची परवानगी नव्हती, त्यामुळे मला काही दिसलं नाही. त्याच्या मित्राने फोनवर सांगितलं, "वहिनी, आमी लई हसलो. शेवटाला मात्र रडलो." शेवटी काय होतं, असं विचारलं तर तो म्हणाला, "त्यालाच इचारा." नवरा दाद देईना. मला रागही येत होता आणि उत्सुकताही होती.

उन्हाळ्यात तो सुटीवर आला. गल्लीतल्या बायकांनी नाटक दाखवल्याशिवाय त्याला सोडायचं नाही असं ठरवलं. तिसऱ्या प्रहरी अंगणात सतरंजी पडली आणि नवरा नऊवारी नेसून आला. गळ्यात टेप, दातांत दोरा, आणि दोरा न सोडताच दणादण बोलणं. बायका माझ्याकडे बघून लोळायच्या बाकी राहिल्या. सासूबाईंना तर ठसका लागला. मीही हसत होते, पण मनात म्हणत होते, हे काय, हे तर कुणालाही दिसतं.

शेवटचा प्रवेश एसटी स्टँडचा. नाटकातला नवरा गेला, बायकोने हात हलवला. संपलं असं वाटून बायका टाळ्या वाजवणार, तोच माझा नवरा एका काल्पनिक भेळवाल्यापुढे जाऊन उभा राहिला.

त्याची गाडी सुटली की मी दर वेळी स्टँडवर एकटी उभी राहून भेळ खाते. हे मी जन्मात कुणाला सांगितलेलं नाही. नवरा गेला आणि ही भेळ खातेय, असं लोक म्हणाले असते.

"भाऊ, मिरची जरा जास्त टाका," तो माझ्या आवाजात म्हणाला. एक घास खाल्ला, पदराने डोळे पुसले. "लई तिखट केलीत हो." पुन्हा घास, पुन्हा डोळे. मग कागद पुढे करून म्हणाला, "अजून थोडी मिरची टाका."

आधी बायका हसल्या. मग एकेक माझ्याकडे वळून बघू लागली.

सगळ्या गेल्यावर मी त्याला गाठलं. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"गाडी सुटली की डिझेलला डेपोत वळती. मागल्या गेटानं भाईर निघती, तितनं भेळवाला दिसतो. दर येळंला बगतो. मिरचीकडं बोट करतीस, त्ये बी दिसतं."

"मग हाक का नाही मारली कधी?"

"हाक मारली आसती तर तू डोळं पुसून हसली आसतीस. मग गाडीत बसून मी काय बगितलं आसतं?"

कपाळावर घाम, ब्लाऊजमधून एक मोजा बाहेर आलेला, असा तो माझ्यापुढे उभा होता. मला हसू आलं. मग डोळे भरून आले, आणि निमित्त सांगायला जवळ मिरचीही नव्हती.