गप्प बस, चैत्रा

आमच्या बंगळुरूच्या ऑफिसात गंगांबिका मॅडमना सगळे 'द्वारपाल' म्हणायचे, अगदी तोंडावर. ऑनलाइन मीटिंग सुरू झाली की आधी हजेरी. पडद्यावर बिनचेहऱ्याचा चौकोन दिसला की विचारणा, "हे पाहुणे कुणाचे?" बहुतेकदा तो टिपणं घेणारा बॉट निघायचा, बोललेलं सगळं लिहून प्रत्येकाला मेल करणारा. मॅडम त्याची बोळवण करायच्या. फक्त परदेशी क्लायंटचा बॉट नाइलाजानं ठेवायच्या.

क्लायंट गेला की आम्हाला तिथंच कन्नडमध्ये गप्पा छाटायच्या असत. मॅडम लगेच मीटिंग बंद करत. "घरच्या गप्पा फोनवर."

"असू दे की मॅडम, बॉट बिचारा कन्नड शिकेल," आमच्यातला लोहित म्हणायचा.

"त्याला ते आधीच येतं. तू आधी वेळेवर यायला शीक!"

त्या दिवशी माझंच चित्त ठिकाणावर नव्हतं. आदल्या संध्याकाळी स्वयंपाकघरात मला फिट आली होती. क्लायंट नव्या कामासाठी माणसं निवडत होता, आणि हे कळलं असतं तर माझं नाव पहिलं कटलं असतं. मीटिंग संपली, एकेक जण गेला, मॅडम आणि मी उरलो. मला राहवेना.

"मॅडम, काल मला..."

"गप्प बस, चैत्रा! एक अक्षर बोलू नकोस!"

पडदा बंद. मला रडूच फुटलं. तेवढ्यात मोबाइल वाजला.

"अगं पोरी, त्यांची माणसं गेली, बॉट बसलाय ना अजून! आता बोल. काय झालं?"

मी सगळं सांगितलं. तासाभरात त्या रिक्षा घेऊन माझ्या घरी हजर. डॉक्टरांकडे नेलं, परतताना बळेबळे दहीभात खाऊ घातला.

संध्याकाळी बॉटचं टिपण सगळ्यांना आलं. शेवटची ओळ: 'चैत्रा काही सांगू पाहत होती. गंगांबिका यांनी तिला गप्प केलं.'

दुसऱ्या दिवशी क्लायंटच्या साहेबानं सगळ्यांदेखत विचारलं, "हाताखालच्यांशी असं बोलता तुम्ही?"

खरं सांगायला मी माइक चालू केला. पण मॅडमच आधी बोलल्या, "हो साहेब, तापट आहे मी. चुकलंच माझं. चैत्रा, माफ कर हं."

नव्या कामावर मला घेतलं. माझं दुखणं आजही मी सांगेन त्यालाच ठाऊक आहे. मॅडमची माफी मात्र बॉटनं इमानेइतबारे लिहून सगळ्यांना पाठवली, आणि ती मागायला हवी होती मी.