दहा लाख तीनवाले टेंभुर्णे सर

शाळेच्या स्टाफरूममध्ये विसरलेल्या छत्र्या साठतात, तसेच किस्सेही साठतात. छत्र्या निदान कोणीतरी उचलून नेतं!

सत्तरच्या दशकापासून मी आंधळगावला मराठी शिकवत होतो. आमच्याकडचे निम्मे किस्से एकट्या टेंभुर्णे सरांचे. विषय गणित. जीव एका संख्येवर: दहा लाख तीन.

"हिले एक अन् ती स्वतः सोडून कोणीच भागत नाही. मूळ संख्या आहे!" हे त्यांनी कुठं वाचलं नव्हतं. हजाराच्या आतल्या एकशे अडुसष्ट मूळ संख्यांनी दिवाळीच्या सुट्टीत एकेक करून भागून पाहिलं होतं, जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर.

हिंदीच्या मॅडमनी विचारलं, "हजारावरच काहून थांबले, सर?"

"त्याहून मोठ्यानं भाग गेला, तर जोडीदार हजाराच्या आतच निघते. तो तर तपासला न!"

"असं होय! मले वाटलं, सुट्टी संपली!"

•

एकदा सर वर्गात रंगून सांगत होते, "दहा लाख तीनले सातानं भागा, बाकी चार. अकरानं भागा, बाकी चार. तेरानं भागा, बाकी चार!"

व्हरांड्यातून जाणारे हेडमास्तर थबकले, आत डोकावले. "टेंभुर्णे सर, हे बाकी चार कोण हो? हजेरीत तर सारे आहेत!"

•

शशिकला नावाच्या मुलीनं विचारलं, "सर, दहा लाख एक पण मूळ असंल न?"

"असंलच," सर बोलून गेले.

दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन उभी. "एकशे एकनं भाग जाते, सर."

सरांनी फळ्यावर गुणून पाहिलं. एकशे एक गुणिले नऊ हजार नऊशे एक. बरोब्बर! सरांनी खडू तिच्या हातात दिला अन् स्वतः तिच्या बाकावर जाऊन बसले. "आजचा तास तुहा."

शशिकलानं फळा पुसला. "गृहपाठ तुमालेबी आहे, सर!"

•

तुमसरच्या एका राइस मिलमध्ये सर तांदूळ घ्यायला गेले. मुनीमजी सकाळपासून पोत्यांच्या सारख्या ओळी लावून थकले होते. दर वेळी एखादी ओळ तोकडीच.

"किती आहेत?"

"एक हजार नऊ."

"मूळ संख्या! जन्मभर लावा, सारख्या ओळी होत नाहीत."

मुनीमजींनी घाम पुसला. "मंग एक पोतं तुमीच घेऊन जा न, सर!"

•

अन् हा ऐंशीनंतरचा. मोहाडीच्या रस्त्यावर सर सायकलवरून पडले. डोक्याला मार. भंडाऱ्याच्या दवाखान्यात दोन दिवस बेशुद्ध. आम्ही सगळे बाहेर बाकड्यावर. वहिनी खाटेजवळून हलायला तयार नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी सरांनी डोळे उघडले. आम्ही दारात गर्दी केली. डॉक्टर वाकून म्हणाले, "सर, आकडे म्हणून दाखवा बरं."

सरांचे ओठ हलले. "दोन... तीन... पाच... सात... अकरा..."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. हळूच म्हणाले, "मधले आकडे सुटून राहिले, बाई. मेंदूले मार दिसते."

वहिनींनी पदरानं डोळे पुसले. दोन दिवसांत पहिल्यांदा हसल्या.

"डॉक्टरसाहेब, चार म्हणले असते, तर मी घाबरली असती!"