माझ्या शालूची हिरवी माशी

भुताखेतांच्या गोष्टी नातवंडांना चार घास जास्त भरवायला बऱ्या, त्यापलीकडे त्यांचा काही उपयोग नाही — असं माझं ठाम मत. म्हणून हे लिहितानाही स्वतःचाच राग येतोय.

इथं जर्मनीत, गार्चिंगला, आमच्या घराजवळ ईझार नदी आहे. आमचे 'हे' इंजिनिअर. उन्हाळ्यातला प्रत्येक रविवार कमरेएवढ्या पाण्यात उभे. गळाला दोरा-पिसांची खोटी माशी बांधायची, ती पाण्यावर नाचवायची आणि मासा फसवायचा. "मलाही न्या ना," म्हटलं की उत्तर ठरलेलं — "बायकांना नाही जमत ते. तू डबा दे." आणि मी बावळट, द्यायची डबा! वर कोथिंबीर पेरून!

हे गेले. नंतर मी पुण्याला जाऊन बहिणीच्या कपाटातून माझा लग्नातला हिरवा शालू आणला. तोवर तो जर्मनीत कधी आलाच नव्हता. मग सत्तरीत मासेमारीची परीक्षा दिली, कारण इथं त्याशिवाय गळ टाकता येत नाही. पास झाले! शालू उलगडून नीट पाहिला, एकही धागा निघालेला नव्हता. पहिला मीच ओढला आणि त्याची माशी बांधली. म्हटलं, ही एक गोष्ट तरी त्यांच्याशिवाय करायची.

जुलैची टळटळीत दुपार. सूनबाई सायली काठावर. दोरी ताणली, मासा वर आला... त्याच्या ओठात दोन माश्या! एक माझी, ओबडधोबड. दुसरीला तोच हिरवा रेशमी धागा, तीच जर. शेवटी लाल दोऱ्याची दुहेरी गाठ — जी फक्त हे मारायचे. गळावर गंजाचा ठिपकाही नाही. सोडवता सोडवता मासा निसटला, माश्या माझ्या हातात राहिल्या.

"अहो आई, कुणाची तरी जुनी असेल. हिरवा धागा काय, कुठेही मिळतो," सायली म्हणाली. ती संशोधक.

"आणि गाठ?"

घरी तिने दोन्ही धागे शेजारी ठेवून भिंगातून पाहिले. "आल्झो... म्हणजे, धागा तोच आहे," म्हणाली आणि भिंग खाली ठेवलं.

मैत्रिणी म्हणतात, किती गं प्रेम त्यांचं! प्रेम कसलं डोंबलाचं? जन्मभर मला नेलं नाही, आणि मी एकटी गेले तर तिथंही माझ्याआधी हजर.

उलगडा मला आजही झालेला नाही. दोन्ही माश्या समोर ठेवल्यात... आणि खरं सांगू? त्यांचीच जास्त सुबक बांधलेली आहे.