गाडीला पिकअप आणला तेव्हा

आमच्या गाडीला नावं ठेवायला सुरुवात झाली ती गाडी दारात आली त्याच दिवशी. पेढे वाटून झाले नव्हते, तेवढ्यात माझा नवरा आणि बिल्डिंगमधले तिघे तिच्यात कोंबून बसले आणि रेल्वेवरच्या पुलावर ट्रायल घ्यायला गेले. परत आले तेव्हा चौघांचे चेहरे असे, जणू कुणाला तरी बघायला हॉस्पिटलात जाऊन आलेत.

"पिकअप नाही," नवऱ्याने जाहीर केलं.

दोन हजार सहा-सातच्या सुमाराची गोष्ट. गाडी सेकंडहँड, आठशे सीसीची. त्या काळी आमच्या उल्हासनगरात छोट्या गाडीची परीक्षा घ्यायची एक ठरलेली रीत होती. चार दणकट माणसं बसवायची, एसी चालू ठेवायचा, पुलाच्या चढावर तिसरा गिअर टाकायचा आणि गाडी कुठे मान टाकते ते बघायचं. मान टाकली की एसी बंद करायचा. एसी बंद झाला की गाडी जराशी पुढे सरकते. तेवढा हिसका पाठीला लागला की चौघं एका आवाजात म्हणणार, "हां, आता कशी!" दुसरी परीक्षा सिग्नलला. हिरवा दिवा लागल्यावर शेजारच्या रिक्षाच्या आधी निघते का? तीन चाकांच्या रिक्षाला हरवण्यात काय मोठा पराक्रम आहे, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

मी अंबरनाथला मोरिवलीजवळच्या एका केमिकल कारखान्यात, लॅबमध्ये नोकरी करत होते. शिफ्टच्या वेळा विचित्र, म्हणून गाडी घेतली. नवरा ऑफिसला मुंबईला जायचा. म्हणजे आठवडाभर गाडी चालवायची मी आणि रविवारी तिच्यावर मत द्यायचं त्याने. मला मोजल्याशिवाय काही पटत नाही, तो नोकरीचाच गुण. म्हणून मी त्याला म्हटलं, "पिकअप नाही म्हणजे काय? पोचायला उशीर होतो का?"

"अगं, उशिराचा काय संबंध? बसल्यावर वाटलं पाहिजे!"

सगळं घोडं त्या वाटण्यात अडलं होतं. इंजिन ओरडलं की यांना वेग वाटतो. पाय टेकवताच मान मागे गेली की वेग वाटतो. सीट खाली, पत्रा पातळ, काच उघडी, वारा कानात शिरतोय, की झालं, गाडी पळतेय! तीच गाडी शांतपणे त्याच वेगाने गेली तर ती म्हातारी. मी हे सगळं एकदा जेवताना सांगून पाहिलं. नवऱ्याने आमटी वाढून घेतली आणि "तुला गाडीतलं कळत नाही" एवढंच म्हटलं.

मला ती गाडी दुसऱ्याच कारणासाठी हवी होती. आई आमच्याकडेच राहायची आणि तिला गाडी लागायची. साधीसुधी नाही. रिक्षा चालू झाली की तिचा हात तोंडावर जायचा, बस नुसती लांबून दिसली तरी ती लिंबू शोधायची. गुडघे गेल्यामुळे स्टेशनचे जिने बंद झाले होते. आणि तिची सख्खी धाकटी बहीण, माझी मावशी, बदलापूरला होती. मावसभावाने सोनिवलीला नव्या बिल्डिंगमध्ये घर घेतलं आणि वर्षभरातच मावशीला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेल्यात जमा. ती बोलायची, पण तोंडातून जे निघायचं ते कुणाच्या बापाला समजायचं नाही.

आईला समजायचं. कसं ते विचारू नका. दोघी लहानपणी एका गोधडीत झोपल्या, एका ताटात जेवल्या, त्याने असेल. मावशी काहीतरी पुटपुटायची. मावसभाऊ पाणी आणायचा, ती मान हलवायची. तो टीव्ही लावायचा, ती आणखी चिडायची. आणि आई दारातून आत येता येता म्हणायची, "अरे, वेणी घट्ट झालीय म्हणतेय ती. सैल कर की." वहिनीने वेणी सैल केली की मावशी डोळे मिटून घ्यायची. मावशीची ही सून आठवडाभराच्या शंका रविवारसाठी राखून ठेवायची. "जयभीम मावशी, या. बुधवारपासून ह्या काहीतरी मागतायत, विचारा ना जरा." बुधवारपासून मागितलेली गोष्ट म्हणजे सुकटीची चटणी असायची. नाहीतर उशीची बाजू बदला, एवढंच.

आम्ही फोनवरही करून पाहिलं. पण आईला तिचं तोंड बघावं लागायचं. नुसत्या आवाजावरून तिलाही कळेना. मावसभावाकडे मोटरसायकल, तिच्यावर आईला बसवणार कसं? तेव्हा आई आणि मावशी यांच्यामध्ये फक्त आमची गाडी होती. मी दर रविवारी आईला घेऊन निघायचे. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना क्लच इतका सावकाश सोडायचे की आईच्या मांडीवरच्या डब्यातला रस्सा हलायचा नाही. ब्रेक लांबूनच दाबत आणायचा, खड्ड्यात चाक अलगद उतरवायचं. कर्जत रस्त्यावर मागचे हॉर्न मारून मारून दमायचे. आई खिडकीबाहेर बघत फर्निचरची दुकानं मोजायची आणि चक्क गप्पा मारायची. त्या गाडीत तिला एकदाही उलटी झाली नाही. माझ्या दृष्टीने गाडीची परीक्षा तिथेच झाली होती, पैकीच्या पैकी मार्क.

आणि मग एका शनिवारी मी लॅबमध्ये असताना नवऱ्याने गाडी गॅरेजला नेली.

मी घरी आले तर खालून आवाज आला. मला वाटलं कुणाची तरी बुलेट असेल. आमचीच गाडी होती. नवरा गाडीतून उतरला तो सोळा वर्षांचा होऊन. त्याने मला गॅरेजवाल्याचे पराक्रम ऐकवले. रेसची केबल ताणली, उभ्या गाडीचं इंजिन चढं ठेवलं, एअर फिल्टरच्या डब्याचं तोंड मोकळं केलं, सायलेन्सर बदलला. जुना सायलेन्सर बदल्यात तिथेच देऊन टाकला. गॅरेजवाला म्हणे म्हणाला, "साईं, अब देखो, गाडी नहीं, घोडा है!"

"आईचं काय?" मी विचारलं.

"आईंचं काय? त्या लवकर पोचतील!"

तो वाईट माणूस नव्हता, हीच तर पंचाईत होती. वाईट असता तर भांडायला सोपं गेलं असतं. त्याला खरंच वाटत होतं की त्याने घरावर उपकार केलेत. दुसऱ्या दिवशी गाडी चालवायलाही तोच बसला. पायाचा अंगठा टेकला की गाडी उसळी मारायची, पाय काढला की नाक खाली. आई पहिल्या सिग्नलला गप्प झाली. अंबरनाथ यायच्या आत तिने दार उघडायला सांगितलं, आणि रस्त्याच्या कडेला एका बंद शटरसमोर बसून तिला आतडी पिळवटेपर्यंत उलट्या झाल्या. डबा तसाच घेऊन आम्ही घरी परतलो.

"सकाळी पोहे खाल्ले ना त्यांनी," नवरा म्हणाला. "तेलकट होते."

पुढच्या रविवारी मी चालवली. पण जिथे पूर्वी पाय हळूच दाबता यायचा तिथे आता दाबायला जागाच नव्हती. गाडी एक तर थांबायची, नाहीतर झेपावायची. आई कारखान्यांच्या भागापर्यंत दात आवळून बसली आणि तिथे हरली. त्यानंतर ती म्हणाली, "बाय, मला नको नेऊ. मी मरेन त्या गाडीत." आणि पदराने तोंड पुसून चेष्टा केल्यासारखी हसली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी काय केलं असेल? मोजलं. त्या आठवड्यात रोज घर ते कारखाना, तोच रस्ता, तीच वेळ. घोडा झालेली गाडी आधीच्या म्हाताऱ्या गाडीपेक्षा एक मिनिटही आधी पोचत नव्हती. पेट्रोल मात्र जास्त पीत होती. मी ते नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "घड्याळाकडे कशाला बघतेस? गाडी बघ ना कशी वाटते!" मी कपाळावर हात मारून घेतला.

मग गॅरेजच्या फेऱ्या सुरू झाल्या. पहिल्यांदा मी गॅरेजवाल्याला केबल सैल करायला सांगितली. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी नवी साडी फाडून द्या म्हणतेय. "मॅडम, लोग पिकअप डालने को आते है। तुम्ही काढायला सांगता?" पण केली सैल. आणि मग काय केलं? ट्रायल घेतली! पुलावर जाऊन आला आणि म्हणाला, "एकदम मेली होती हो गाडी, थोडी ताणून दिली परत." मला वाटलं मी त्याच्या अंगावर धावून जाईन. दुसऱ्यांदा नवऱ्याला पाठवलं. सैल करून घेतो म्हणून गेला, येताना दोघं मिळून ट्रायल घेऊन आले आणि केबल पुन्हा जिथल्या तिथे. "पाव टक्का कमी केलीय, तुला कळणार नाही." तिसऱ्यांदा मी समोर उभी राहिले, तर माझी पाठ वळल्यावर त्याच्या माणसाने पुलापर्यंत नेऊन तेच केलं. कुणाच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. प्रत्येकाला फक्त मेलेली गाडी गिऱ्हाइकाला परत द्यायची लाज वाटत होती. जो पुलावर जाई तो माझं काम उलटं करून येई.

असे दोन महिने गेले. सुरुवातीचे काही रविवार मी एकटीच जाऊन आले. मावशी माझ्याकडे बघून पुटपुटायची. मी पाणी द्यायचे, पंखा कमी करायचे, उशी हलवायचे. ती डावा हात गादीवर आपटायची. घरी आल्यावर आई विचारायची, "काय म्हणाली?" आणि मी मावशीच्या ओठांची नक्कल करून दाखवायचे, म्हणजे आईला ओळखता येईल. एक नोकरदार बाई आरशासमोर तोंड वेडंवाकडं करतेय, हे तेव्हा घरातल्यांना विनोदी वाटायचं. मला रडू यायचं. पुढे रविवारही गॅरेजमध्येच जायला लागले आणि माझं जाणंही सुटलं.

शेवटी मी अंबरनाथला, कारखान्याच्या बाजूचं दुसरं गॅरेज गाठलं आणि रजा टाकून तिथेच बाकड्यावर बसले. साधा सायलेन्सर, फिल्टरचा डबा नीट, केबल सैल, उभ्या गाडीचं इंजिन पुन्हा मंद. काम झाल्यावर त्या माणसाने सवयीने चावीला हात घातला.

"ट्रायल घ्यायची नाही," मी म्हणाले.

"मॅडम, ट्रायलशिवाय कशी देणार?"

"अशीच. चावी इकडे."

इतक्या जोरात म्हणाले असेन की चहावालाही वळून बघायला लागला. गाडी शांतपणे रस्त्यावर आली. मी दुसऱ्यातून तिसऱ्यात गेले आणि काही जाणवलं नाही. मला इतका आनंद झाला की मी एकटीनेच मोठ्याने शिवी दिली.

रविवारी आई निघाली. सुकटीची चटणी केली होती, भाकऱ्या केल्या होत्या. नवरा मागे बसला. आईने लिंबू हातात धरलं होतं, पण हुंगलं नाही. बदलापूर आलं तरी ती बोलतच होती. आधी काय विचारायचं, मग काय विचारायचं, वहिनीला काय सांगायचं, सगळं.

वहिनीने दार उघडलं. "या मावशी, किती दिवसांनी." आत मावशी खिडकीकडे तोंड करून पडली होती. केस बारीक कापले होते. आई जवळ जाऊन बसली, तिचं तोंड आपल्याकडे वळवलं आणि म्हणाली, "बोल. काय काय राहिलंय?"

मावशीने आईकडे पाहिलं. ओळखलं, ते दिसत होतं. पण ओठ हलले नाहीत. आईने पुन्हा विचारलं. पुन्हा काही नाही.

वहिनी चहा घेऊन आली. "हल्ली काही मागत नाहीत हो त्या," ती म्हणाली. चांगली बातमी सांगावी तसं म्हणाली, बिचारीची चूक नव्हती. "आधी किती चिडायच्या. आता शांत असतात. काही त्रास नाही."

"कधीपासून?" आईने विचारलं.

"झाला असेल महिना. आधी रविवारी वाट बघायच्या. मग सोडलं."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो चहाच्या कपाकडे बघत होता. मला त्याला गदागदा हलवावंसं वाटलं.

आईने डबा उघडला. भाकरीचा तुकडा मोडला, चटणी लावली आणि मावशीच्या ओठांशी धरला. "तिखट झालीय का?" तिने विचारलं. तिच्या ओठांकडे बघितलं. मग स्वतःच म्हणाली, "जराशी झालीय. पुढच्या वेळी मिरची कमी घाल." मग तिने विचारलं, "केस का कापले गं?" आणि आवाज थोडा खाली आणून उत्तर दिलं, "गुंता व्हायचा, म्हणून."

आम्ही निघेपर्यंत ती तशीच बोलत राहिली. दोघींचंही.